शत्रूकडील बातमीदार

अंधेरी-घाटकोपरच्या मैदानांवर मुलें लढाईचा खेळ खेळतात, तेव्हां कधींकधीं प्रतिपक्षाचाच एखादा गडी हळूच येऊन आपल्या म्होरक्याचा बेत सांगतो. त्यावर विश्वास ठेवावा काय? विद्यार्थिमित्रहो, हाच प्रश्न इ. स. १६५९ मध्यें प्रतापगडीं शिवाजी महाराजांपुढें उभा होता. आणि तेथें प्राणच पणाला लागले होते.

विजापूरचा सरदार अफजलखान वाईस तळ देऊन होता. त्याचा वकील कृष्णाजी भास्कर भेटीचा गोड निरोप घेऊन आला. महाराजांनीं त्यास एकांतीं विचारिलें, तेव्हां खानाच्या मनांत कांहीं कपट असावें असें त्यानें सूचित केलें, असें इतिहासकार जदुनाथ सरकार लिहितात. परंतु कृष्णाजी खानाचें मीठ खाणारा होता. त्याचें बोलणें खरें असेल, किंवा नुसतें भय घालण्यासाठींही असेल. म्हणून महाराजांनीं तें एकदम खरें मानिलें नाहीं व झिडकारिलेंही नाहीं. आपला विश्वासू पंताजी गोपीनाथ यास त्यांनीं खानाच्या छावणींत पाठविलें. त्यानें द्रव्य वेंचून दुसऱ्या मुखांतून तीच बातमी काढिली. पुढें १० नोव्हेंबर रोजीं महाराज भेटीस गेले ते अंगरख्याखालीं चिलखत घालून. बातमी खोटी ठरती तरी चिलखतानें कोणाचें कांहीं बिघडलें नसतें. ती खरी ठरली, आणि प्राण वांचले.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, परक्याची बातमी ऐकावी, सांगणाराचा हेतु पाहावा, दुसऱ्या वाटेनें ती पडताळावी, आणि तोंवर सावध राहावें.