शेगडी तीच, घर बदललं

डिसेंबर लागला की चिखलदऱ्याचा गारवा डोंगर उतरून आमच्या परतवाड्यात येतो. पर्यटक पैसे खर्चून वर थंडी शोधायला जातात, आम्हाला ती घरपोच मिळते. कवी आहे म्हणून थंडीवर कविता ऐकवीन, असं वाटलं असेल तर माफ करा. मला आज शेगडीबद्दल बोलायचं आहे.

आमचं गाव सागवानाचं. लाकडाचे डेपो, आरा मशिनी आणि त्यांच्यामागे भुशाचे ढीग. डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासायचा आणि बाटली अलगद ओढून घ्यायची, की झाली शेगडी. खालच्या भोकातून पेटवली की तासन्‌तास धगधगते. अम्मीचा स्वयंपाक तिच्यावरच व्हायचा. घरात बाळंतीण असली की मात्र लाकडी कोळशाची शेगडी बाजेखाली सरकायची, निखाऱ्यांवर ओवा पडायचा. शेजारच्या हिंदू घरात सव्वा महिना, आमच्याकडे चाळीस दिवसांचा चिल्ला. शेक दोन्हीकडे सारखाच.

1999 च्या जानेवारीत आमच्या थोरलीचा जन्म झाला. नुकतीच स्लॅबची खोली बांधली होती. काचेच्या सरकत्या खिडक्या, घट्ट बसणारं दार. तिसऱ्या रात्री बायकोचं डोकं ठणकू लागलं, मळमळू लागलं. ‘‘ठंड लग गई होगी,’’ म्हणत अम्मीने निखारे वाढवले. तेवढ्यात वीज गेली. कंदील आणायला मी दार उघडं टाकून बाहेर गेलो. परत येऊन पाहतो तो मघापासून दूध न ओढणारं, मलूल पडलेलं लेकरू रडत होतं. भारनियमनाला मी आयुष्यात एकदाच दुआ दिली, ती त्या रात्री.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवतं. धूर थांबून लालबुंद झालेला निखारा आपल्याला निर्धोक वाटतो, पण हा वायू त्यातूनच निघत असतो. भुशाची शेगडीही त्याला अपवाद नाही. शेजारी पाण्याचं भांडं ठेवल्याने तो जात नाही. डोकं जड झालं, उलटीसारखं वाटलं, की आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत न्यायचं आणि मग दवाखाना गाठायचा.

‘‘मग आमची बाळंतपणं कशी झाली?’’ अम्मीने विचारलं. प्रश्न रास्त होता. त्या घरांना कुडाच्या भिंती होत्या, वर कवेलू. फटीफटीतून हवा खेळायची. डोळे चुरचुरायचे, खोकला यायचा, पण विषारी वायू कोंडून राहत नसे. शेगडी तीच राहिली आणि आपण घराची नाकं बुजवली.

गेल्या हिवाळ्यात तीच थोरली बाळंतपणाला माहेरी आली. मी दुकानात गेलो, तर महागड्या हीटरची ‘जास्त गरमी’ मला ऐकवण्यात आली. हे काही खरं नव्हे. हजार वॅटचा कुठलाही हीटर तासाला एकच युनिट खातो आणि तेवढीच उष्णता देतो. तेल भरलेला हीटर घेतला तो एवढ्यासाठी, की त्यात उघडी लाल तार नसते आणि खोली पुरेशी तापली की तो आपोआप बंद होतो. दोन हजार वॅटचा हीटर सुमारे नऊ अँपिअर ओढतो, म्हणून आधी वायरमन बोलावून मोठ्या पिनचा स्वतंत्र पॉइंट काढून घेतला. लहान पिनच्या एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर लावणं म्हणजे आगीला आवतण.

तरी हीटर लागला तो बाळाच्या आंघोळीआधी आणि पहाटे थोडा वेळ. दुपारी उन्हाकडची खिडकी उघडी, संध्याकाळी दाराखाली वाकळ. बाकीचं काम आईच्या उबेचं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर पुरेनात, तेव्हा 1978 साली डॉ. एडगर रे यांनी कमी दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. आज जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. आमच्याकडे बाळाला टोपी घातली, आईच्या छातीशी घेतलं आणि वरून दुलई पांघरली; बाळाचं तोंड तेवढं मोकळं ठेवलं.

अम्मीची शेगडी आता अंगणात पेटते. तिच्यावर ती फडकं गरम करते, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहते आणि मग आत घेऊन येते.