कूपनची सवलत भाड्याला, शुल्काला नव्हे!

वाई - सुटी जवळ आली, की गोव्याच्या सहलीचे बेत आखले जातात. संकेतस्थळांवर हॉटेलांचे दर पाहिले जातात, सवलतीची कूपने शोधली जातात. कूपन लावूनही शेवटच्या पानावर रक्कम फुगलेली दिसते, तेव्हा मात्र गोंधळ उडतो. ही रक्कम ज्या शुल्कामुळे वाढते, ते माफ करणारे कूपन सहसा का मिळत नाही?

लास व्हेगासचा धडा

याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील लास व्हेगासचे आहे. तेथील कॅसिनो हॉटेले खोलीच्या भाड्याखेरीज 'रिसॉर्ट फी' आकारतात. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा आणि इंटरनेट यांसाठी ती घेतली जाते. या सुविधा वापरा किंवा वापरू नका, फी द्यावीच लागते. भाडे कमी दाखवले, की दरांच्या यादीत हॉटेल वर दिसते. उरलेली रक्कम शुल्कातून वसूल होते. हेच शुल्क कूपनने माफ केले, तर ते वेगळे ठेवण्याचा हेतूच उरणार नाही. माफी मिळते ती प्रामुख्याने जुगारावर मोठा खर्च करणाऱ्या सदस्यांना. कारण त्यांच्याकडून हॉटेलला त्याहून अधिक मिळते. अखेर १२ मे २०२५ पासून अमेरिकेत अनिवार्य शुल्कासह एकूण दर सुरुवातीलाच दाखवण्याचा नियम लागू झाला. मात्र या नियमाने शुल्कावर बंदी आणलेली नाही.

आपल्याकडे काय?

वाई, पाचगणी, महाबळेश्वर परिसरात कॅसिनो नाहीत. राज्याचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही. तो रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये घेतला. गोव्यात मात्र मांडवी नदीतील जहाजांवर आणि काही पंचतारांकित हॉटेलांत कॅसिनो आहेत. जहाजावरील प्रवेशाचे पैसे हॉटेलच्या भाड्याहून वेगळे असतात, हे बेत आखतानाच ध्यानात घ्यावे.

कॅसिनो असो वा नसो, हिशेबाची रीत एकच. समजा, खोलीचे भाडे ३,००० रुपये आहे. २० टक्के सवलतीच्या कूपनने ते २,४०० झाले आणि वर ६०० रुपयांचे अनिवार्य शुल्क लागले, तर कराआधीची रक्कम पुन्हा ३,०००! वस्तू व सेवा कर आणि महाबळेश्वरच्या नाक्यावर पालिका घेते तो प्रवासी कर, ही सरकारी देणी आहेत. हॉटेलचे शुल्क तसे नाही.

कराचा टप्पाही पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, तर त्यावरील भाड्यावर १८ टक्के कर आहे. हॉटेलनेच ८,००० चे भाडे ७,४०० केले, तर करासह ९,४४० ऐवजी ७,७७० रुपये पडतात.

ग्राहकाचे हक्क

किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणे, ही केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ग्राहकांची दिशाभूल ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. हॉटेल वा उपाहारगृहाला सेवा शुल्क बिलात आपोआप जोडता येत नाही, दुसऱ्या नावानेही घेता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २८ मार्च २०२५ रोजी ही तत्त्वे वैध ठरवली. त्याविरुद्ध उपाहारगृहांच्या संघटनांनी अपील केले आहे.

म्हणूनच कूपनच्या टक्क्यांपेक्षा शेवटच्या आकड्यांची तुलना करावी. पैसे भरण्यापूर्वी 'सर्व शुल्क व करांसह एकूण किती', हे हॉटेलकडून लेखी घ्यावे. नंतर जादा रक्कम मागितली गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.