भिंतीवरची ठेव

हिंगोलीच्या जुन्या मोंढ्यातील आमच्या आडत दुकानासमोर काढलेले एक छायाचित्र आमच्या घरातील बैठकीच्या खोलीत कित्येक वर्षे टांगलेले आहे. मध्यभागी गादीवर वडील, त्यांच्या उजव्या हाताला मुनीमजी, पायरीवर धाकटे काका आणि मागे हमाल, मापाडी, शेतकरी अशी एकूण अकरा माणसे त्यात आहेत. चार वर्षांपूर्वी चौकटीला वाळवी लागली म्हणून ते खाली उतरविले आणि पहिल्यांदाच त्याची मागची बाजू पाहिली. ती कोरी होती. तारीख नाही, नावे नाहीत, छायाचित्रकाराचा शिक्काही नाही.

अकरांपैकी तिघांना मी ओळखतो. उरलेल्या आठही जणांना आमच्या आत्याबाई ओळखत असत. दिवाळीला माहेरी आल्या की त्या चित्राकडे बोट दाखवून एकेकाची हकिगत सांगत. त्या सांगत राहिल्या, आम्ही ऐकत राहिलो. लिहून कोणीच घेतले नाही. आत्याबाई गेल्या आणि त्यांच्याबरोबर ती आठ नावेही गेली. ज्या दुकानात रोजमेळ जुळल्याशिवाय दिवा मालवत नसत, त्या दुकानाच्या एकमेव छायाचित्राची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. मी स्वतः आयुष्यभर बँकेत तारीख आणि सही नसलेला कागद ग्राहकाला परत करीत आलो. घरच्या भिंतीवरचा हा कागद मात्र मला कधी दिसला नाही.

त्या हुरहुरीतून मी निवृत्तीनंतर कॅमेरा हाती घेतला. वयाच्या या टप्प्यावर हौस एकट्याने टिकत नाही, म्हणून तीन मित्रांना सोबत घेतले. एक कापडाचे व्यापारी, एक औषधांचे दुकानदार आणि एक निवृत्त चित्रकला शिक्षक. महिन्यातून दोन रविवार आम्ही जिल्ह्यात फिरतो. चातुर्मासात फिरणे बंद ठेवून काढलेली छायाचित्रे लावतो आणि नोंदी पूर्ण करतो.

एका जैन छायाचित्रकाराचा वारसा

या छंदाला आपल्या समाजात मोठी परंपरा आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. भारतातील सर्वांत नामवंत छायाचित्रकारांपैकी एक असलेले राजा दीनदयाल हे जैन होते. १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे जवाहिऱ्यांच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुरकीच्या थॉमसन महाविद्यालयात स्थापत्याचे शिक्षण घेऊन ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. १८७४ च्या सुमारास त्यांनी छायाचित्रणास आरंभ केला तो निव्वळ हौस म्हणून. दिवसभर सरकारी नकाशे आणि अंदाजपत्रके, उरलेल्या वेळात कॅमेरा, असा त्यांचा क्रम होता.

त्या काळची हौस आजच्यासारखी सोपी नव्हती. काचेच्या तावदानावर कलोडियनचा लेप द्यायचा, ते सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचे, ओले असतानाच कॅमेऱ्यात बसवून चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी जागेवरच धुवायचे. त्यासाठी अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि काचांच्या पेट्या बरोबर न्याव्या लागत. एका देवळाचे चित्र घ्यायचे तर लहानसा तांडाच निघे. हे ओझे वाहणाऱ्या माणसांची नावे आज कुठे सापडत नाहीत.

दीनदयालांच्या आयुष्यातील एक निर्णय मला नोकरदार म्हणून विशेष भावतो. हाती घेतलेली चित्रमालिका पूर्ण करण्यासाठी त्यांनी नोकरीतून दोन वर्षांची रजा घेतली. आधी सर हेन्री डॅली यांनी त्यांना उत्तेजन दिले होते. पुढे सर लेपल ग्रिफिन यांनी त्यांना बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर सोबत नेले. ग्वाल्हेरचा किल्ला, खजुराहो, रेवा येथील चित्रे त्या काळातील आहेत. ग्वाल्हेरच्या कड्यात कोरलेल्या भव्य तीर्थंकर प्रतिमा आणि खजुराहोचे पार्श्वनाथ मंदिर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या परिसरात एका जैन छायाचित्रकाराने तंबू ठोकल्याचे विशेष वाटेल. १८८६ मध्ये मध्य भारतातील वास्तूंवरील ग्रिफिन यांचा ग्रंथ निघाला, त्यात दीनदयालांची छायाचित्रे होती.

पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ निघाला, १८९६ मध्ये मुंबईतही निघाला. पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ काढून तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविला. १८९४ मध्ये निजामाने त्यांना ‘राजा’ ही पदवी दिली. आपला हिंगोली त्या काळी निजामाच्याच राज्यात होता. वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला यांची त्यांनी काढलेली चित्रे म्हणजे आपल्याच मराठवाड्याचा सव्वाशे वर्षांपूर्वीचा चेहरा आहे.

१९०५ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत. त्या काचांचा आजही अभ्यास होऊ शकतो याचे एक कारण अगदी साधे आहे. त्यांच्या पेढीत काचांवर क्रमांक घालण्याची शिस्त होती. जवाहिऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने काचाही हिऱ्यांच्या पुड्यांप्रमाणे सांभाळल्या, असे मला वाटते.

नवकारसीचा उजेड

आमची चौघांची भ्रमंती अर्थातच त्या मानाने किरकोळ आहे. पण तिला आपल्या आचाराची एक चमत्कारिक साथ मिळाली. छायाचित्रकार ज्या उजेडासाठी जीव टाकतात, तो सूर्योदयानंतरचा पहिला तास आणि सूर्यास्तापूर्वीचा शेवटचा तास. नवकारसीचे पच्चक्खाण असेल तर सूर्योदयानंतर ४८ मिनिटे तोंडात पाणीही घ्यायचे नसते. चहाची घाई नाही, नाश्त्याची चर्चा नाही; तो सगळा वेळ कॅमेऱ्याचा. संध्याकाळी मात्र उलट होते. सोनेरी उजेड पडू लागतो तेव्हा चौविहाराची वेळ जवळ आलेली असते. म्हणून आम्ही डबे बरोबर नेतो, साडेचारलाच जेवून घेतो आणि मग निश्चिंतपणे सूर्य बुडेपर्यंत थांबतो.

औंढा नागनाथाचे मंदिर आम्ही पाच वेळा पाहिले. खालचा काळ्या दगडाचा हेमाडपंती भाग शिल्पांनी भरलेला आहे, तर वरचा भाग नंतरच्या काळातला, साधा. नंदी मंदिराच्या समोर नसून मागे आहे. संत नामदेवांसाठी देऊळ फिरले, ही कथा त्याच्याशी जोडलेली आहे. सकाळी मागच्या भिंतीवर तिरपा उजेड पडतो तेव्हा शिल्पांची खोली दिसते. दुपारी बाराला तीच भिंत सपाट वाटते. हे आम्हाला तिसऱ्या खेपेस कळले.

औंढ्याहून वसमतकडे जाताना शिरड शहापूर लागते. तेथील १९वे तीर्थंकर भगवान मल्लिनाथांचे दिगंबर जैन मंदिर सुमारे ३०० वर्षांचे मानले जाते. तेथे आम्ही गाभाऱ्यात कॅमेरा नेत नाही. दर्शन आधी, चित्रे नंतर, तीही बाहेरची आणि विचारून. एका सकाळी प्रक्षाळ आटोपून पायऱ्या उतरणारे आजोबा आणि त्यांचे बोट धरलेली नात, एवढेच टिपले. त्यांचे नाव, गाव, तारीख लिहून घेतली आणि पुढच्या फेरीत त्यांना प्रत नेऊन दिली.

सिद्धेश्वर धरणावर हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात. तेथे आमचा नियम सोपा आहे. पक्षी उडाला तर चूक आपली. घरट्याजवळ जायचे नाही, चांगल्या चित्रासाठी खडा मारून थवा उठवायचा नाही. अहिंसेचा विचार या छंदात आणखी एका ठिकाणी येतो. पूर्वीच्या फिल्मवरचा थर जिलेटिनचा असे आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून बनते. डिजिटल कॅमेऱ्याला तो थर लागत नाही. आमच्या औषधविक्रेत्या मित्रांनी हे सांगितले, तेव्हा उशिरा कॅमेरा घेतल्याचे आम्हाला समाधानच वाटले.

आमचा सर्वांत मोठा उपक्रम हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि आपल्या जिल्ह्याचे नाव बाहेर गेले. जूनमधील लागवडीपासून बाजार समितीतील लिलावापर्यंत एका पिकाची कथा चित्रांतून सांगावी असे ठरविले. पाला कापणे, काढणी, कुकरमध्ये हळद शिजताना पहाटे उठणारी वाफ, अंगणभर पसरलेले वाळवण, पॉलिशच्या ढोलातून निघणारी हळकुंडे, आणि शेवटी मोंढ्यात ढिगाऱ्याभोवती जमलेले आडते व खरेदीदार. वर्षभरात चार हजारांवर चित्रे निघाली. मग त्यांतली साठ निवडली आणि उरलेली पुसून टाकली. मोबाइलमध्ये वीस हजार चित्रे साठविणे हाही परिग्रहच आहे, असे आमच्या चित्रकला शिक्षकांचे म्हणणे. ते मला पटले. ज्याच्याजवळ सगळेच आहे, त्याला हवे ते कधी सापडत नाही.

ठेव परत गेली

या उपक्रमातच ती गोष्ट घडली, जिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. मोंढ्यात चित्रे काढताना मी आमच्या दुकानाच्या जुन्या छायाचित्राची मोठी प्रत बरोबर ठेवीत असे. कोणी जुना माणूस भेटला की दाखवायची, एवढाच हेतू. एका दुपारी सावलीत बसलेल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त हमालबाबांना ती दाखविली. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि डावीकडून तिसऱ्या माणसावर बोट ठेवले. डोक्याला मुंडासे, खांद्यावर आकडा.

“हा माझा बाप,” ते म्हणाले.

वडील गेले तेव्हा बाबा अकरा-बारा वर्षांचे होते. त्यांच्या घरी वडिलांचे एकही छायाचित्र नव्हते. सारी वर्षे ते चित्र आमच्या बैठकीत टांगलेले होते, त्यांच्या वस्तीपासून दोन किलोमीटरवर. त्यांना ते ठाऊक नव्हते आणि आम्हाला त्या माणसाचे नाव ठाऊक नव्हते. पुढच्या रविवारी आम्ही चौघे चौकटीत बसविलेली प्रत घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाबांनी नातवंडांना बोलावून एकेकाला ते दाखविले. सुनेने आम्हाला पाणी दिले. फार बोलणे झालेच नाही.

बँकेत असताना दहा वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवींच्या याद्या मी पाहिल्या आहेत. अशी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तरी वारस आला तर ती परत मिळते. कारण नाव आणि खाते क्रमांक लिहिलेला असतो. आपल्या घरांतील जुनी छायाचित्रेही अशाच ठेवी आहेत. त्या काळी कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची ऐपत शेठजींची होती. म्हणून हमालाचा, मापाड्याचा, कुळाचा, मोलकरणीचा चेहरा आपल्या चौकटीत राहिला. ती नुसती आपली मालमत्ता नव्हे. नोंद असेल तरच ती ज्याची त्याला परत करता येते.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. येत्या दिवाळीत वहीपूजन होईल, त्यावेळी एक साधी वही छायाचित्रांसाठीही मांडावी. पाच रकाने पुरेत: क्रमांक, तारीख, ठिकाण, माणसांची नावे डावीकडून उजवीकडे, आणि हे कोणी सांगितले त्याचे नाव. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने तोच क्रमांक घालावा. शाई पुढच्या बाजूस उमटते. मोबाइलमधील चित्रांपैकी दरवर्षी बाराच निवडून कागदावर छापून घ्यावीत. आणि घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ एक दुपार बसून जुना अल्बम उघडावा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. आम्ही टाकले होते.

आमच्या वहीत क्रमांक १ वर दुकानाचे ते छायाचित्र आहे. त्यात आता चार नावे लिहिली आहेत. सात जागा कोऱ्या ठेवल्या आहेत आणि प्रत अजूनही माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत असते.