आठ मिलिमीटरची छोटी लाईन

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गोंदियात तान्हा पोळा असतो. लाकडी नंदीला झूल घालून, शिंगांना बेगड लावून मुलं तो चाकांवर ओढत नेतात आणि घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. दोरी मुलाच्या हातात असली तरी नंदी त्याचा एकट्याचा नसतो. कुणाच्या तरी आजोबांनी तो सुताराकडून सागवानात करून घेतलेला असतो, वडिलांनी त्याचं चाक बदललेलं असतं. दरवर्षी घरातलंच कुणीतरी मोठं माणूस त्याला रंगाचा हात देतं आणि सण झाला की जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवतं. मोठ्या माणसानं खेळणं जपावं, दुरुस्त करावं, त्याच्यावर जीव लावावा, यात विदर्भात कुणाला नवल वाटू नये. म्हणून माझ्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या विटा बघून कुणी “हे कोणासाठी?” असं विचारलं, की मी सरळ सांगतो, माझ्यासाठी.

मी लेगोच्या विटा जमवतो आणि रचतो. गेली काही वर्षं त्यातून एकच गोष्ट उभी करतो आहे. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरकडे जाणारी छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज. बंगाल नागपूर रेल्वेनं गोंदिया ते नैनपूर हा पट्टा 1903 मध्ये सुरू केला आणि 1905 पर्यंत रूळ जबलपूरला पोचले. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, 762 मिलिमीटर. वडिलांचा हात धरून मी त्या गाडीत बसलो आहे. आता तिथं मोठी लाईन आहे, गाड्या वेगानं जातात, लोकांची सोय झाली. ते व्हायलाच हवं होतं. पण उखडलेले रूळ पुन्हा कुठंतरी घातले जावेत, असं मला मनापासून वाटत होतं. त्यासाठी मला असं सामान हवं होतं, जे घट्ट धरेल आणि चुकलं तर सोडूनही देईल.

ही धरण्या-सोडण्याची गोष्ट एका सुताराच्या घरातली आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे ओले कर्क क्रिस्तियान्सेन दारं-खिडक्या, शिड्या, इस्त्रीचे पाट करायचे. मंदीत कामं आटली तेव्हा 1932 मध्ये ते लाकडी खेळणी करायला लागले. लेगो हे नाव ‘छान खेळ’ या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांना जोडून झालं. त्यांच्या घराण्यात एक आठवण सांगतात. मुलगा गॉटफ्रेड एकदा खुशीत घरी आला. लाकडी बदकांना वार्निशचे तीनऐवजी दोनच हात देऊन त्यानं पैसे वाचवले होते. बापानं त्याला परत पाठवलं, पेट्या सोडवायला लावल्या आणि उरलेला हात एकट्याला पुरा करायला सांगितला. नंदी करणाऱ्या सुताराला ही गोष्ट उलगडून सांगावी लागणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी प्लॅस्टिक ओतायचं यंत्र घेतलं आणि 1949 पासून विटा काढायला सुरुवात केली. कल्पना मुळात त्यांची नव्हती. इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज यांच्या किडीक्राफ्टनं 1947 मध्ये तशाच विटा आणल्या होत्या, आणि बिलुंडकरांनी त्यांच्यावरूनच सुरुवात केली. हे श्रेय पेज यांना द्यायलाच हवं. पण त्या सुरुवातीच्या विटा आतून पोकळ होत्या. एकीवर एक बसायच्या, पण धक्का लागला की कोसळायच्या. उंच काही टिकायचं नाही.

तोडगा निघाला तो विटेच्या पोटात. विटेच्या खालून पोकळीत नळ्या बसवल्या आणि 28 जानेवारी 1958 रोजी त्याच्या पेटंटचा अर्ज केला. त्याच वर्षी मार्चमध्ये ओले कर्क वारले. अर्जाच्या त्या दिवसापासून ही वीट मूळ रूपात बदललेली नाही. 1958 ची वीट आजच्या विटेवर बसते.

दोन ओळींत चार-चार बटणं असलेली आठ बटणांची वीट हातात घेऊन उलटी करून पाहा. खाली तीन नळ्या दिसतील. वरच्या बटणाचा व्यास 4.8 मिलिमीटर आणि एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत बरोबर 8. चार बटणांच्या चौकोनात कर्ण धरला तर समोरासमोरच्या दोन बटणांमध्ये मोकळी जागा उरते साडेसहा मिलिमीटरची. नळीचा बाहेरचा व्यास तेवढाच. त्यामुळे खालच्या विटेचं बटण वरच्या विटेत शिरलं, की एका अंगाला नळी आणि दुसऱ्या अंगाला भिंत अशी त्याला पकड बसते. भिंत केसाहून कमी वाकते आणि परत आपल्या जागी यायला बघते. त्या परत येण्याच्या ओढीतच सगळी पकड आहे. यासाठी प्लॅस्टिकही तसं लागतं. आधीच्या विटा सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या होत्या. काही वर्षांनी त्या वाकायच्या, रंग बदलायचा. 1963 पासून एबीएस आलं. ते पुरेसं ताठ असतं, पुरेसं लवचीक असतं, आणि हजार वेळा दाबलं-सोडवलं तरी आपला आकार विसरत नाही. कंपनीच्या साच्यांची अचूकता 0.004 मिलिमीटरपर्यंत जपली जाते. जरा ढिलं झालं तर पूल पडतो, जरा घट्ट झालं तर मुलाला वीट निघत नाही.

हे मी पुस्तकात वाचून नव्हे, हातानं शिकलो. सुरुवातीला बाजारातून नाव नसलेल्या पिशवीतल्या विटा घेतल्या होत्या. रंग तोच, आकार तोच. त्यांच्यावर एक लहानसा पूल बांधला, रात्री नीट ठेवला आणि सकाळी मधली कमान खाली आली होती. काही विटा जाम झाल्या होत्या, काही नुसत्या टेकल्या होत्या. पकड सगळीकडे सारखी नसेल, तर चांगली वीटसुद्धा शेजारणीमुळे पडते. दुसऱ्या टोकाला, 2012 मध्ये ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत दोन गुणिले दोन बटणांच्या एका विटेवर यंत्रानं भार टाकून पाहिला होता. सुमारे 430 किलो झाल्यावर ती चेपली. म्हणजे तिच्यासारख्याच पावणेचार लाख विटांचा मनोरा तिच्यावर उभा राहू शकतो, साडेतीन किलोमीटर उंच. अर्थात असा मनोरा वाऱ्यानं कधीच आडवा होईल. विटेची खरी परीक्षा भारापेक्षा बाजूच्या धक्क्यात असते.

पकडीचा विचार सुरू झाला की मला आपल्याकडचं एक काम आठवतं. अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोतली नोकरी करताना रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथं त्यांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगकाडी यांची जोडी सापडली. ट्यूबच्या लहानशा तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या खुपसल्या की झाला सांधा. त्रिकोण, चौकोन, घर, सगळं त्यातून उभं राहतं. चौकोन दाबला की तिरपा होतो, त्रिकोण होत नाही, हे मुलाला बोटांनीच कळतं. पुढं पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कित्येक वर्षं अशी खेळणी केली. बिलुंडच्या विटेत कोट्यवधींची यंत्रं आहेत आणि इथं चार आण्यांची रबरी नळी. काम मात्र तेच, धरायचं आणि सोडायचं. माझ्या लेखी दोन्ही एका जातीची आहेत, आणि ज्याला विटा परवडत नाहीत त्यानं बेलाशक काड्यांपासून सुरुवात करावी.

परवडण्याचा प्रश्न खराच आहे. आपल्याकडे खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेलं, 2023 मध्ये 70 वर. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची झाली. देशी कारखान्यांना त्यानं बळ मिळालं हे चांगलंच, पण ज्याला मूळचीच वीट लागते त्याचा खिसा हलका होतो. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी लहानपणी मेकॅनिक्सच्या भोकाच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट हाताळले, लेगो कुणाच्या तरी परदेशातल्या मामानं आणलेला पाहिला. आता पगार आपला, निर्णय आपला. या छंदातली माणसं आपल्या आयुष्यातल्या मधल्या काळाला, शाळा सुटल्यापासून विटा पुन्हा हातात येईपर्यंतच्या काळाला, ‘डार्क एज’ म्हणतात. माझं ते जवळपास पंचवीस वर्षांचं होतं.

कंपनीलाही मोठी माणसं उशिरानंच दिसली. 1998 मध्ये संगणकानं चालणारी माइंडस्टॉर्म्सची वीट आली आणि काही आठवड्यांत बाहेरच्या लोकांनी तिची आतली रचना उलगडली. कोर्टात जायचं की जाऊ द्यायचं, असा प्रश्न होता. त्यांनी जाऊ दिलं, आणि मला वाटतं त्यांच्या इतिहासातला तो सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता. 2008 मध्ये 5,922 तुकड्यांचा ताजमहाल आला, तेव्हापर्यंतचा सगळ्यात मोठा संच. 2020 पासून काळ्या खोक्यांवर 18+ असा आकडा छापला जाऊ लागला. जुने, बंद झालेले सुटे तुकडे विकणाऱ्यांसाठी 2000 साली एका छांदिष्टानं उभारलेली ब्रिकलिंक ही बाजारपेठ 2019 मध्ये कंपनीनंच विकत घेतली. मला हवा असलेला एखादा तुकडा दूरदेशीच्या कुणाच्या तरी डब्यातून निघतो, हे मला अजूनही अद्भुत वाटतं. एक सल मात्र आहे. 2004 मध्ये कंपनीनं राखाडी रंग बदलला. जुना राखाडी उबदार, दगडासारखा होता आणि नवा निळसर आहे. फलाटाला मी शोधून शोधून जुनाच वापरतो.

तुकडे कसे ठेवायचे, यावर या छंदातली माणसं तासन्‌तास बोलतात. नवा माणूस रंगानुसार वेगळे करतो. लाल एका डब्यात, निळे दुसऱ्यात. ते चुकीचं आहे. ढीगभर काळ्या तुकड्यांत एक बारका काळा तुकडा डोळ्याला सापडत नाही. आकारानुसार लावले तर त्यातून काळा लगेच उठून दिसतो. आमच्या घरी तांदूळ पाखडायचं सूप यासाठी कामाला आलं. हलकेच झटकलं की बारके तुकडे पुढं येतात, विटा मागं राहतात.

आता रूळ. कंपनीच्या रेल्वेच्या दोन रुळांत 37.5 मिलिमीटर अंतर असतं. ते आपली मोठी लाईन, 1,676 मिलिमीटर, मानलं तर प्रमाण येतं 45 ला 1. त्या हिशेबानं छोटी लाईन 17 मिलिमीटरची व्हायला हवी. दोन बटणं म्हणजे 16. एक मिलिमीटर कमी. खऱ्या मापात ते 720 होतं, 762 नाही, आणि या कमतरतेनं मी पंधरा दिवस अस्वस्थ होतो. शेवटी मानलं, की आठ मिलिमीटरच्या जगात राहायचं तर त्याचे नियम पाळायचे. डब्याची रुंदी साडेसात फूट, ती सहा बटणांत बसवली. शेजारी मोठ्या लाईनचा डबा नऊ बटणांचा आहे. दोघं एका फलाटाला लागले की गोंदिया जंक्शन दिसायला लागतं. भव्य काही नाही, पण उंचीतला आणि रुंदीतला तो फरक मी लहानपणी जसा पाहिला तसाच.

इंजिनाच्या बॉयलरनं सगळ्यात जास्त वेळ घेतला. गोल आकार चौकोनी विटांतून काढायचा, तर काही बटणं वर नाही, बाजूला वळवावी लागतात. इथं एक गणित उपयोगी पडतं. वीट 9.6 मिलिमीटर उंच, पातळ प्लेट तिच्या तिसऱ्या हिश्शाची, 3.2. पाच प्लेट एकावर एक ठेवल्या की 16, म्हणजे बरोबर दोन बटणांची रुंदी. हे जुळतं म्हणून आडव्या लावलेल्या विटा उभ्यांमध्ये फट न पडता बसतात. ज्या दिवशी हे पहिल्यांदा हाताला जुळलं त्या दिवशी मी रात्री उशिरापर्यंत दिवा मालवला नाही. आठ बटणांच्या फक्त सहा विटा घेतल्या तरी त्या 91 कोटी 51 लाख 3 हजार 765 प्रकारे जोडता येतात, असं डॅनिश गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकावर मोजून दाखवलं आहे. बॉयलर करताना मला त्यातल्या एकाच प्रकाराचा शोध होता.

इंजिन कसं असावं ते बघायला मी नागपूरच्या मोतीबाग नॅरोगेज संग्रहालयात दोनदा गेलो. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यातली सीसी वर्गाची इंजिनं या लाईनवर धावली. पुढं चार चाकं, मधे सहा, मागं दोन. मधल्या सहा चाकांना जोडणारा दांडा विटांत करायला मला तीन प्रयत्न लागले.

मागच्या दिवाळीत ओळखीचे एक काका फराळाला आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, नैनपूरच्या शेडमध्ये बरीच वर्षं काढलेली. गाडी त्यांनी फार वेळ नुसती बघितली. मग वाकून, चष्मा वर करून फलाटाच्या टोकाकडे बोट केलं.

“पान्याचा कॉलम इकडे नव्हता गा. इंजिन तिकडून लागत होतं ना, तिकडच्या बाजूनं होता.”

मी म्हटलं, “तुम्हीच लावा ना काका.”

ते थोडे बिचकले. तुटेल का, म्हणून विचारलं. मी पाण्याचा खांब नखानं सोडवून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी जागा नजरेनं मोजली, रुळापासून दोन बटणं सोडली आणि अंगठ्यानं दाबलं. टक् असा आवाज आला.