गेम परत आला. आपण परत जायचे का?

वस्तीतल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दीड-दोन महिन्यांनी एक निरोप फिरतो : अपडेट आला. नवा नकाशा, नव्या बंदुका, नवे कपडे, नवा सीझन. जो रोज खेळतोच आहे त्याला ही साधी बातमी. पण ज्याने दहावीसाठी, पोलीस भरतीच्या सरावासाठी किंवा आईशी झालेल्या भांडणानंतर गेम मोबाइलमधून काढून टाकला आहे, त्याच्या मनात या निरोपाने चलबिचल सुरू होते. परत जायचे की नाही? घरात हे कोणाला विचारावे असे त्याला वाटत नाही, कारण उत्तर काय मिळणार हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो प्रश्न आम्ही या पानावर घेत आहोत.

आपल्याकडे हे जाणे-येणे नुसते मुलांच्या मर्जीने झालेले नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप बंद केली, त्यांत पबजी मोबाइल होता. टाळेबंदीचा काळ होता. शाळेसाठी म्हणून हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलवर मुले तोच खेळत होती. २ जुलै २०२१ रोजी तो खेळ बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे बीजीएमआय, या नावाने परत आला. जुलै २०२२ च्या अखेरीस प्ले स्टोअरवरून पुन्हा गेला आणि २९ मे २०२३ पासून पुन्हा खेळता येऊ लागला. फ्री फायरवर १४ फेब्रुवारी २०२२ ला बंदी आली, पण त्याचा जुळा भाऊ फ्री फायर मॅक्स चालूच राहिला. प्रत्येक बंदीला आई-वडिलांनी 'सुटलो' म्हणून श्वास सोडला आणि प्रत्येक वेळी गेम परत आल्यावर घरात तीच भांडणे नव्याने सुरू झाली. दुसऱ्याने लावलेल्या कुलपाने सवयीत खंड पडतो. ती सोडायची की नाही हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

२०२३ ला परत येताना बीजीएमआयमध्ये काही चांगले बदल झाले, हे मान्य केले पाहिजे. १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला ३ तास आणि मोठ्यांना ६ तास अशी मर्यादा आली, लहानांसाठी पालकांची परवानगी आणि रोजच्या खर्चाला हद्द कायम राहिली. पण वय भरणारा हात घरातलाच असतो. मुलगा जन्मसाल बदलतो, नाहीतर वडिलांच्या नावाने खाते उघडतो, ओटीपी वडिलांच्याच मोबाइलवर येतो आणि तो मोबाइल त्याच्याच हातात असतो. शिवाय ३ तास ही वरची हद्द आहे, डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस नव्हे. शाळा, क्लास, पाणी भरणे, धाकट्या बहिणीला सांभाळणे यांतून रोज ३ तास उरणारी मुले आपल्याकडे किती आहेत?

गेम सोडलेल्याला अपडेटची एवढी ओढ का वाटते, हे पालकांनी नीट समजून घ्यावे. या खेळांत मुलगा एक पात्र होऊन शिरतो. जेनशिन इम्पॅक्टसारख्या खेळांत तर सगळी गोष्टच त्या पात्राची असते आणि सुमारे दर सहा आठवड्यांनी तिचा नवा भाग येतो. बीजीएमआय आणि फ्री फायर हे लढाईचे खेळ, पण त्यांतही पात्राची पातळी, रँक, कपडे, बंदुकीचा रंग हे सारे महिनोन्महिने खपून जमवलेले असते. ॲप काढून टाकले तरी खाते जागेवर राहते. म्हणजे मुलाने सोडलेली गोष्ट नष्ट झालेली नसते, ती त्याची वाट पाहत असते. त्यात नव्या सीझनला रँक खाली येते, चार महिने विश्रांती घेतलेल्याला वाटते की आता नाही चढलो तर कायमचे मागे पडलो. रोज उघडले तर रोजची भेट, परत आलेल्याला खास भेट, ठरावीक दिवसांनी संपणारा पास. आणि ती पेटी, जिला मुले 'क्रेट' म्हणतात : कधी भारी वस्तू निघते, बहुतेक वेळा काहीच नाही. कधीतरी लागते म्हणूनच माणूस पुन्हा हात घालतो. मटक्याच्या आकड्याची ओढ याच जातीची होती. (कल्याण मटका हे नाव आपल्या शहरावरून पडले असे अनेकांना वाटते, ते पडले तो चालवणाऱ्या कल्याणजी भगत यांच्यावरून.)

पण सगळा दोष क्रेटवर टाकणे खरे नाही. आमच्या मते आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती बोलली जात नाही. गेममध्ये कोणी आडनाव विचारत नाही. कुठे राहतोस, बाप काय करतो, कोणत्या कोट्यातून आलास, हे कोणी विचारत नाही. मुलगा आपले नाव स्वतः ठेवतो आणि चांगला नेम धरला की बंगल्यातला मुलगाही त्याला आपल्या स्क्वॉडमध्ये बोलावतो. कॉलेजात पहिल्या दिवशी यादी वाचली जाताना ज्याच्या आडनावावर माना वळतात, त्याला ही जागा मोकळी वाटली तर त्यात नवल काय? (माइक चालू झाला की तिथेही कधी शिव्या ऐकू येतात, जातीवरूनही येतात, तेव्हा ती जागा वाटते तेवढी मोकळी नाही.) 'काय ठेवलंय त्या गेममध्ये?' असे विचारणाऱ्या पालकांनी हे उत्तर एकदा ऐकून घ्यावे. गेम काढून घेतला आणि त्या जागी मान मिळेल असे काहीच दिले नाही, तर पुढच्या अपडेटला मुलगा परत जाणारच. विहारातली अभ्यासिका, कबड्डीचा संघ, ढोल-लेझीम पथक, भीमजयंतीच्या कार्यक्रमात त्याच्याकडे सोपवलेली खरी जबाबदारी, यांनाही आरोग्याच्या दृष्टीने मोल आहे.

याच ओघात एक तक्रार. १४ एप्रिलच्या सुमारास ठिकठिकाणी सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. सुंदर प्रथा आहे. पण घरात तिचा टोमणा झाला आहे : 'बाबासाहेब १८ तास अभ्यास करायचे, आणि तू १८ तास बोटं चालवतोस.' बाबासाहेबांच्या नावाची छडी करू नये. ज्या नावाने मुलाची मान ताठ व्हावी, त्या नावाने ती रोज खाली जाते आणि मोबाइल काही सुटत नाही.

आता शरीराकडे येऊ. कळव्याच्या डोंगरउतारावर, वागळे इस्टेटच्या मागे किंवा कल्याण पूर्वेच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे झोपतात. तिथे एकाचा गेम हा एकट्याचा राहत नाही. रात्री साडेबाराला पांघरुणाखाली स्क्रीन पेटते, दबक्या आवाजात 'कव्हर दे, कव्हर दे' चालते, आणि पहाटे साडेचारला उठून डोंबिवलीच्या सोसायट्यांत कामाला जाणाऱ्या आईची झोप मोडते. वाढत्या वयातल्या मुलाला रात्री ८ ते १० तास झोप लागते. डोळ्यांजवळच्या उजेडाने मेंदूला रात्र झाल्याची खूण उशिरा मिळते, आणि त्याहून जास्त काम करते ती लढाईची उत्तेजना. गेम संपला तरी छातीतली धडधड लगेच शमत नाही. अपडेट येतो त्या आठवड्यात हे सर्वांत जास्त होते, कारण सगळा स्क्वॉड एकदमच जागा असतो. डोळे कोरडे पडतात, कारण स्क्रीनकडे पाहताना आपण पापण्या कमी मिटतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखू लागते. मान खाली घालून बसण्याने पाठ भरते. हे बहुतेक त्रास विश्रांतीने बरे होतात, पण अपुरी झोप रोज साचत गेली तर अभ्यास, भूक आणि स्वभाव तिन्ही बिघडतात.

तर मग निर्णय कसा घ्यावा? कालामांना तथागतांनी काय सांगितले ते आपण विहारात ऐकतो : कोणी सांगते म्हणून, परंपरा आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा, अहितकारक दिसले तर सोडा, हितकारक दिसले तर स्वीकारा. गेमच्या बाबतीत हे अगदी सरळ लागू पडते. अपडेटमध्ये काय नवे आले याची यादी मित्र देतीलच, पण निर्णय त्या यादीवर घ्यायचा नसतो. आपण गेम सोडल्यापासून आपल्यात काय नवे आले, याची यादी करायची. डाउनलोडचे बटण दाबण्याआधी वहीच्या एका पानावर लिहावे : तेव्हा किती वाजता झोपत होतो, आता किती वाजता झोपतो. तेव्हा घरात किती वेळा आवाज चढत होता, आता किती. पैसे कोणाचे गेले होते. आणि मोकळा झालेला वेळ कुठे गेला. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कधी कधी 'रील्स बघण्यात' असे निघते. तसे असेल तर सोडण्याने फारसे काही साधले नाही, हेही प्रामाणिकपणे लिहावे.

लिहून झाल्यावरही जावेसे वाटले तर चौदा दिवसांची मुदत घालून जावे, आणि ती मुदत घरात एका माणसाला सांगावी. आई, मोठी ताई, मामा, कोणीही, फक्त ओरडणारे नको. मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असते, त्यात कोणत्या ॲपवर किती तास गेले ते दिसते. तो आकडा रोज वहीत उतरवावा. रात्री दहानंतर मोबाइल आईच्या उशाशी. चौदा दिवसांत ठरवलेली वेळ तीन-चार वेळा मोडली, तर उत्तर आपल्याच अक्षरात समोर आहे. वेळ पाळली गेली, झोप आणि अभ्यास जागेवर राहिला, तर रविवारी मित्रांबरोबर दीड तास खेळणाऱ्या मुलाला आम्ही तरी दोष देणार नाही. मजा करणे हा गुन्हा नाही. पाचव्या शीलात मद्याच्या बरोबरीने प्रमादाचा, म्हणजे गाफीलपणाचा, विचार आहे. पाहायचे ते तेवढेच.

पैशांच्या बाबतीत मात्र आम्ही मवाळ नाही. सिगालोवाद सुत्तात संपत्ती नासण्याच्या सहा वाटा सांगितल्या आहेत. अवेळी भटकणे, खेळ-तमाशांचा नाद आणि जुगार या तिन्ही त्यांत आहेत. गेममधले 'यूसी' किंवा 'डायमंड' हे खऱ्या रुपयांनी घेतलेले असतात आणि ते परत रुपये होत नाहीत. घरात एकच मोबाइल, त्यावरच यूपीआय, आणि पिन सगळ्यांना पाठ, अशी स्थिती असेल तर गेम परत येण्याआधी पिन बदलावा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे, ती चालू करावी. गूगलचे 'फॅमिली लिंक' हे ॲप फुकट आहे. त्यात झोपेची वेळ ठरवता येते आणि मुलाच्या खात्यावरून होणारी खरेदी पालकांच्या मंजुरीशिवाय होऊ नये असेही करता येते. आणि वडीलमंडळींनीही ऐकावे : पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीसारख्या खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने बंदी आली आहे. तसे ॲप नव्या नावाने, नव्या लिंकवरून परत आले तर त्याच्यासाठी चौदा दिवसांची कसोटी नाही, ते उघडायचेच नाही.

काही मुलांचा प्रश्न कसोटीच्या पलीकडे गेलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा गेम पुढे जाणे, आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही खेळत राहणे, ही तीन लक्षणे साधारण वर्षभर टिकली आणि त्याने शिक्षण, काम, घरातले नाते मोडू लागले तर तो आजार. त्रास फार तीव्र असेल तर वर्षभर थांबायची गरज नसते. खेळणाऱ्यांपैकी थोड्यांनाच हे होते, म्हणून प्रत्येक मुलाला 'व्यसनी' म्हणू नये. पण मोबाइल काढून घेतल्यावर मुलगा दिवसेंदिवस जेवत नसेल, शाळा सुटली असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल, तर ती धमकी समजून हसण्यावारी नेऊ नये. त्याच दिवशी मदत घ्यावी.

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे, तिथे मनोविकारतज्ज्ञांची ओपीडी विचारावी. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. त्याचे नाव घेतले की लोक कचरतात, पण तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे. केसपेपर काढून दाखवायचे आणि घरी यायचे. पुष्कळदा औषधाच्या आधी बोलण्यानेच उपचार सुरू होतात. जाण्या-येण्याचा रोज बुडवणे परवडत नसेल तर 'टेलि-मानस' हा सरकारी फोन आहे : १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येते. मुलगा बोलायला तयार नसेल तर आईने एकटीने लावला तरी चालतो.