कोणी, कोणाला, काय करायला सांगितलं?

परदेशात वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या आपल्या मंडळींचं इंग्रजी चांगलंच असतं. कचेरीत भाषणं होतात, घराच्या कर्जाच्या कागदांतली बारीक अक्षरंही वाचून होतात. तरीही ‘ही सजेस्टेड मी टू अप्लाय’ हे वाक्य भल्याभल्यांच्या तोंडून निघतं आणि घरातलं दहा वर्षांचं पोर ‘असं नसतं’ म्हणून मोकळं होतं. का नसतं, हे मात्र त्यालाही सांगता येत नाही. भारतातून आलेल्या आई-वडिलांसाठी आणि नव्याने आलेल्या सुना-जावयांसाठी आमच्या मंडळात मी शनिवारी इंग्रजीचा वर्ग घेतो. तिथे सर्वांत जास्त वेळ याच एका रचनेवर जातो. ती नीट कळली नाही तर नुसतं व्याकरण बिघडत नाही, कधीकधी अर्थच बदलतो.

रचना साधी आहे. आधी एक क्रियापद, मग ज्याच्याकडून काम व्हायचं त्याचं सर्वनाम, मग ‘टू’ लावलेलं दुसरं क्रियापद. ‘आय टोल्ड हिम टू वेट.’ मराठीत, ‘मी त्याला थांबायला सांगितलं.’ मराठी वाक्यात दोन ‘ला’ आहेत, ‘त्याला’ आणि ‘थांबायला’. दुसरा ‘ला’ म्हणजे ‘घराला’, ‘गावाला’ यांतलाच चतुर्थीचा प्रत्यय. जुन्या वळणाच्या लिखाणात ‘घरास’ तसंच ‘थांबावयास’ सापडतं. इंग्रजीतही तेच झालं आहे. ‘टू द स्टेशन’ यातला ‘टू’ आणि ‘टू वेट’ यातला ‘टू’ मुळात एकच. प्राचीन इंग्रजीत या क्रियारूपाला स्वतःचा विभक्तिप्रत्यय होता. तो काळाच्या ओघात झिजून गेला आणि पुढचा ‘टू’ तेवढा उरला. म्हणजे माणसाला स्टेशनाकडे धाडावं तसं दोन्ही भाषा त्याला कामाकडे धाडतात.

म्हणूनच टेल, आस्क, अ‍ॅडव्हाइज, टीच, फोर्स, इन्व्हाइट, रिमाइंड या क्रियापदांत आपण सहसा चुकत नाही. जेवायला बोलावलं, पोहायला शिकवलं, सही करायला सांगितलं, ही वाक्यं मराठीतून जशीच्या तशी इंग्रजीत उतरतात. अडचण येते ती जिथे दोन भाषांच्या वाटा फुटतात तिथे.

पहिली फूट ‘वॉन्ट’ची. ‘तू यावंस असं मला वाटतं,’ असं आपण म्हणतो. इथे ‘तू’ हा आपल्या छोट्या वाक्याचा कर्ता असतो आणि ‘असं’ने ते वाक्य पुढे जोडलेलं असतं. त्या वळणाने गेलं की ‘आय वॉन्ट दॅट यू शुड कम’ तयार होतं. इंग्रजीला ते चालत नाही. तिथे ‘आय वॉन्ट यू टू कम’ असंच हवं. एक्स्पेक्ट आणि वुड लाइक यांनाही हीच रचना लागते. येणारा ‘तो’ असला तरी रूप मात्र ‘हिम’, ‘ही’ नव्हे.

यात आणखी एक खाच आहे. मराठीत सर्वनाम गाळलं तरी बिघडत नाही. ‘येतोस का?’ म्हटलं की कोण, ते क्रियापदच सांगतं. ही सवय इंग्रजीत नेली तर पंचाईत होते. ‘आय वॉन्ट हर टू साइन’ म्हणजे सही तिने करायची. मधला ‘हर’ गळाला की ‘आय वॉन्ट टू साइन’, म्हणजे सही मला करायची आहे. एका सर्वनामाने सही करणारा माणूसच बदलला.

दुसरी फूट ‘सजेस्ट’ची. ‘मी त्याला अर्ज करायला सुचवलं,’ हे मराठीत बिनचूक आहे. पण ‘आय सजेस्टेड हिम टू अप्लाय’ चुकीचं. ‘आय सजेस्टेड दॅट ही अप्लाय’ बरोबर. अर्थाने सख्ख्या बहिणीसारखं असलेलं ‘अ‍ॅडव्हाइज’ मात्र ही रचना आनंदाने घेतं. ‘से’ आणि ‘होप’ ती घेत नाहीत. ‘ही सेड मी टू वेट’ नाही, ‘आय होप यू टू कम’ही नाही. यामागे तर्क शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही.

ही अडचण फक्त आपलीच नाही. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक १९२४ पासून जपानमध्ये शिकवत होते. एका क्रियापदाची रचना दुसऱ्या क्रियापदाला लावून विद्यार्थी चुकतात, हे त्यांनी हेरलं. १९४२ मध्ये टोकियोत निघालेल्या त्यांच्या शब्दकोशात क्रियापदाच्या अर्थाबरोबर त्याची रचनाही दिलेली होती. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रसिद्ध केला. आज आपल्या मुलांच्या कपाटात दिसणारा ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ हा त्याचाच वंशज. १९५४ च्या आपल्या मार्गदर्शक पुस्तकात हॉर्नबींनी अशा पंचवीस रचना मांडल्या. यातून मी वर्गाला एकच गोष्ट सांगतो : क्रियापद एकटं पाठ करू नका, त्याच्या बिऱ्हाडासकट पाठ करा.

तिसरी फूट ‘लेट’ आणि ‘मेक’ची. ‘लेट हिम गो’, ‘मेक हिम वेट’. इथे ‘टू’ नाही. हा नियम सांगितला की नवे विद्यार्थी वैतागतात. पण मराठीतही ‘देणे’च्या आधी ‘जायला’चं ‘जाऊ’ होतंच की! ‘बाळाला खाऊ दे’ आणि ‘बाळाला खायला दे’ यांतला फरक कोणत्याही आजीला शिकवावा लागत नाही. पहिल्यात परवानगी आहे, दुसऱ्यात वाटीतला वरणभात. ‘मेक’ची मात्र एक गंमत आहे. वाक्य कर्मणी झालं की हरवलेला ‘टू’ परत येतो : ‘वी वेअर मेड टू वेट.’

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, नकाराचा. ‘ही टोल्ड मी नॉट टू स्टॉप’ म्हणजे बंद करू नका असं त्याने बजावलं. ‘ही डिडन्ट टेल मी टू स्टॉप’ म्हणजे बंद करा असं तो बोलला नाही. कदाचित विषयच निघाला नसेल. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी बसतो. त्यामुळे ‘त्यांनी बंद करायला सांगितलं नाही’ असं आपण सैलपणे म्हणून जातो आणि ऐकणारा संदर्भाने समजून घेतो. परका माणूस असा समजून घेईलच असं नाही.

आमच्या वर्गातले एक आजोबा रक्त पातळ ठेवणारं औषध घेतात. दात काढायच्या आधी ते थांबवू नका, असं हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. दातांच्या डॉक्टरांनी विचारल्यावर आजोबा म्हणाले, ‘ही डिडन्ट टेल मी टू स्टॉप.’ व्याकरण शंभर टक्के शुद्ध, पण निरोप भलताच! दातांच्या डॉक्टरीणबाई सावध, म्हणून त्यांनी फोन करून खात्री करून घेतली. पुढच्या शनिवारी आजोबांनी हे हसत हसत सांगितलं, पण त्या दिवशी आमचा सगळा तास ‘नॉट’च्या जागेवर गेला.

म्हणून वडीलधाऱ्यांबरोबर दवाखान्यात जाल तेव्हा प्रत्येक सूचनेला दोन प्रश्न विचारा : काम कोणी करायचं, आणि ‘नाही’ कशाला लागलं आहे, सांगण्याला की करण्याला? उत्तर त्यांच्याकडून मराठीत पुन्हा वदवून घ्या. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक उपयुक्त माहिती : १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे आणि २०१० च्या आरोग्यविषयक कायद्यामुळे, सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांना इंग्रजी कमी येणाऱ्या रुग्णासाठी विनामूल्य दुभाष्याची सोय करावी लागते. शाळकरी नातवंडाला आजीच्या औषधांचं भाषांतर करायला लावायची गरज नाही. मागायला संकोच वाटला तर वाक्य तयार आहे, आणि आता त्याची रचनाही ओळखीची आहे : ‘आय वुड लाइक यू टू कॉल अ मराठी इंटरप्रिटर.’