गोष्टीचा गुण

‘मावशी, बीपीची गोळी का बंद केली?’

‘शेजारच्या काकांनी दहा वर्षं घेतली, तरी लकवा मारलाच ना! मग घेऊन काय उपयोग?’

बाह्यरुग्ण विभागात असा संवाद नेहमी कानावर पडतो. डॉक्टर १४०-९० असे आकडे सांगतात; मावशींच्या डोळ्यांसमोर मात्र शेजारचे काका असतात. याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, पण शिकलेली माणसेही याच रीतीने विचार करतात. माणसाचा मेंदूच गोष्ट शोधणारा आहे.

१९४४ मध्ये अमेरिकेत फ्रिट्झ हायडर आणि मारिआन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना एक छोटी चित्रफीत दाखवली. तीत दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेला एक चौकोन, एवढेच होते. आकृत्या नुसत्या इकडून तिकडे सरकत होत्या. पण पाहणाऱ्या जवळपास सगळ्याजणींनी माणसांचीच हकिगत सांगितली: मोठा त्रिकोण दांडगाई करतो, वर्तुळ घाबरून घरात लपते. जिथे नुसती हालचाल दिसते, तिथेही आपण हेतू आणि कारण शोधतो.

चांगल्या गोष्टीत हेच असते. आपल्यासारखे कोणीतरी असते, त्याला काहीतरी हवे असते, वाटेत अडचण येते आणि त्याला निर्णय घ्यावा लागतो. ‘गोळ्या नियमित घ्या’ ही सूचना झाली. ‘मुलीच्या लग्नाच्या गडबडीत आठवडाभर गोळी राहिली, म्हणून ऐन हळदीच्या दिवशी दवाखाना गाठावा लागला’ ही गोष्ट झाली. पुढे काय झाले, हे विचारल्याशिवाय ऐकणाऱ्याला राहवत नाही. कीर्तनकारांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगात तेच तत्त्व आख्यानातून उलगडते. गाडगेबाबांनी तर स्वच्छतेचा धडा कीर्तनातूनच गावोगावी पोहोचवला.

गोष्टीचा परिणाम शरीरावरही मोजता येतो. ब्राझीलमध्ये अतिदक्षता विभागातील ८१ मुलांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना सुमारे अर्धा तास गोष्ट सांगितली, तर उरलेल्यांना तेवढाच वेळ कोडी घातली. दोन्ही गटांना बरे वाटले. पण गोष्ट ऐकलेल्या मुलांच्या लाळेत ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल अधिक घटले, आपुलकीशी जोडलेले ऑक्सिटोसिन अधिक वाढले आणि त्यांच्या वेदनाही अधिक कमी झाल्या.

मोठ्यांचे काय? अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका रुग्णालयात उच्च रक्तदाबाच्या सुमारे ३०० कृष्णवर्णीय रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना त्यांच्याच समाजातील रुग्णांनी स्वतःचे अनुभव सांगितलेल्या चित्रफिती दिल्या, उरलेल्यांना इतर आरोग्यविषयांवरच्या. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नव्हता, त्यांच्यापैकी अनुभवकथा पाहिलेल्यांचा वरचा दाब तीन महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे ११ अंकांनी अधिक उतरला. रक्तदाबाची एखादी गोळीही साधारण एवढेच काम करते. ज्यांचा दाब आधीच आटोक्यात होता, त्यांच्यात असा फरक दिसला नाही.

पण गोष्टीला खरे-खोटे कळत नाही. लस घेतल्यावर कोणी आजारी पडले, कोण्या पाल्याच्या रसाने कोणाची साखर उतरली, अशा हकिगती तितक्याच वेगाने पसरतात. मोबाइलमुळे तर त्या क्षणात गावभर होतात. एकाच्या अनुभवावरून औषधाचा गुण ठरत नाही, त्यासाठी शेकडो रुग्णांची नोंद लागते. म्हणून आरोग्याची कोणतीही गोष्ट ऐकली, की तिचा राहिलेला अर्धा भाग विचारावा. आधी काय झाले होते? आणखी कोणते औषध चालू होते? असेच केलेल्या बाकीच्यांचे काय झाले?

डॉक्टरांनीही नुसते रागावून भागत नाही. मावशींची गोष्ट पूर्ण ऐकून घ्यावी, मग विचारावे, ‘काका रोज गोळी घ्यायचे का?’ बहुतेकदा हे कोणी विचारलेलेच नसते. कदाचित काका मध्येच गोळी सोडत असतील. कदाचित रोज घेतही असतील, कारण गोळी धोका कमी करते, पूर्ण पुसून टाकत नाही. तेही मावशींना सांगावे. आणि त्याच बाकावर नियमित गोळी घेऊन धडधाकट असलेल्या एखाद्या आजी बसल्या असतील, तर चार शब्द त्यांनाच बोलू द्यावेत.